देव साक्षीला होता तेव्हा

सातबाऱ्यावर देव असतो. मुळशी घ्या, मावळ घ्या, महाराष्ट्रातला दुसरा कुठलाही तालुका घ्या. गावात देवस्थान इनामाची जमीन असेल, तर तिच्या उताऱ्यावर मालक म्हणून माणसाचं नाव नसतं. भैरवनाथाचं असतं, म्हसोबाचं असतं, एखाद्या आईचं असतं. महसूल खात्याच्या भाषेत ही इनाम वर्ग ३ ची जमीन. गुरव किंवा पुजारी हा नुसता वहिवाटदार. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा सांगितलं, की मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, पुजाऱ्याचं नको. कायद्याच्या लेखी देव जमीन बाळगू शकतो, दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा लागू शकतो. तो कायम अज्ञान, म्हणजे वयानं लहान समजला जातो, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी मोठ्यानं उभं राहावं लागतं. या समजुतीला आधार देणारे निकाल जुने आहेत. १८८७ साली डाकोरच्या रणछोडरायाच्या उत्पन्नाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा हिंदू देवस्थानाला कायद्यानं ‘व्यक्ती’ मानता येतं हे तिथं मान्य झालं. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तर कलकत्त्याच्या एका घरातल्या मूर्तीला ती कुठं राहू इच्छिते हे सांगायला स्वतंत्र प्रतिनिधी नेमावा, असं म्हटलं.

हे सगळं होत असताना कुठल्या तलाठ्यानं देवाकडे अस्तित्वाचा दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही. पेन्शनवाल्या माणसाला मात्र दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो.

अर्थात, सातबारा हा काही देव असल्याचा पुरावा नव्हे. कायदा सोयीसाठी कंपनीलाही व्यक्ती मानतो. पण देव आहे याचा पटण्याजोगा पुरावा कोणता, हा प्रश्न आपण ज्या घाईनं विचारतो, ती या उताऱ्यापाशी जरा थबकते. कारण आपल्या मुलखात शेकडो वर्षं हा प्रश्न असा नव्हताच. इथं देवाला सिद्ध करावं लागत नसे. देव दुसऱ्या गोष्टी सिद्ध करून देत असे. वतन कुणाचं, शीव कुठली, चोरी कुणी केली, याची साक्ष तो द्यायचा. साक्षीदाराच्या जागेवरून तो आरोपीच्या पिंजऱ्यात कसा आला, ही गोष्ट मला देवाच्या असण्या-नसण्याच्या वादाइतकीच महत्त्वाची वाटते. किंबहुना त्या वादात काय हरवतं, ते या गोष्टीतच दिसतं.

नास्तिक माणसाला ‘तुला काय दाखवलं म्हणजे पटेल?’ असं विचारलं, की तो बहुधा अडखळतो. अमेरिकी तत्त्वज्ञ नॉरवुड रसेल हॅन्सन यांनी १९६०च्या दशकात या प्रश्नाला सरळ उत्तर देऊन टाकलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एखाद्या सकाळी ढग फाटावेत, आभाळभर मोठा झ्यूससारखा देव उभा राहावा, त्यानं माझ्याकडे बोट दाखवून मी आहे म्हणून गर्जावं आणि हे सगळ्या जगाला दिसावं, ऐकू यावं, मग मी मानीन. हे उत्तर प्रामाणिक आहे. आपल्याला काय पटवू शकेल हे त्यांनी आधी सांगून टाकलं. ‘आधी’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच शब्दाभोवती फिरते. तरी त्यात एक उणीव राहते. आभाळातला झ्यूस आला नाही तर हॅन्सन यांचं काही जात नाही. आला तरी फक्त मत बदलतं. आपल्याकडच्या जुन्या पुराव्यात मत बदलण्याइतक्या स्वस्तात कुणी सुटत नसे.

सह्याद्रीच्या या पट्ट्याला मराठेशाहीत बारा मावळ म्हणत. पौड खोऱ्याचे ढमाले, मुठे खोऱ्याचे मारणे, मोसे खोऱ्याचे पासलकर ही देशमुख घराणी. डोंगरउताराची जमीन, भाताची खाचरं, वरकस रानं. अशा मुलखात कागद कमी आणि वाद फार. पाटिलकीचा मान थोरल्या घराचा की धाकट्याचा, दोन गावांमधला ओढा कुणाच्या हद्दीत, ही भांडणं पिढ्यान् पिढ्या चालत. वाद गोतसभेपुढे यायचा. तिथं देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे सगळे बसत. आधी कागद पाहत, मग साक्षीदार ऐकत. कागद नाही, साक्षी दोन्हीकडून सारख्याच, अशी अडचण आली म्हणजे शेवटचा उपाय उरायचा तो दिव्याचा.

दिव्य ही कल्पना मराठ्यांची नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं सांगितली आहेत : तूळ, अग्नी, पाणी, विष आणि कोश. कोश म्हणजे देवाला घातलेल्या स्नानाचं पाणी पिणं आणि मग ठरलेल्या दिवसांत आपल्यावर काही अरिष्ट येतं का, याची वाट पाहणं. पुढच्या ग्रंथांनी यादी वाढवली. मराठी कागदपत्रांत सर्वांत जास्त भेटतं ते रवा दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हातानं काढायचा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा प्रकरणांचा मोठा साठा पुढे आणला. ती वाचताना अंगावर काटा येतो; पण त्याहून जास्त लक्ष जातं ते त्यातल्या काटेकोरपणाकडे.

दिव्य करणाऱ्याचे हात आधी धुवायचे. नखं काढायची. हातावर आधीचे व्रण, डाग कुठं आहेत, ते सर्वांनी पाहून ठेवायचं. हे सगळं देवळात, चारचौघांसमोर. रवा काढला की हाताला पिशवी बांधायची आणि तिच्यावर मोहर करायची, म्हणजे रात्रीतून कुणी लेप लावू नये. ठरल्या दिवशी, बहुधा तिसऱ्या दिवशी, सभेपुढे पिशवी सोडायची. हात जुन्यासारखा निघाला तर माणूस खरा, फोड आले तर खोटा.

याच्याही आधी एक पायरी होती, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. आज आपण राजीनामा म्हणतो तो नोकरी सोडण्याचा. तेव्हाचा राजीनामा म्हणजे निकाल काहीही लागो, तो मी राजीखुशीनं पाळीन, असा लेख. त्याला जामीन द्यावे लागत. निकाल लागल्यावर जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे. आणि हरणाऱ्याला स्वतःच्या हारीचा कागद लिहून द्यावा लागे, त्याला यजितखत म्हणत. मी खोटा ठरलो, या वतनाशी माझा संबंध नाही, असं त्यानं आपल्या नावानिशी लिहायचं. मग जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. देवाचा न्यायही फुकट नव्हता, आणि दिवाणाला तर दोन्हीकडून मिळकत.

शिवेच्या वादात हा प्रकार आणखी वेगळं रूप घेई. तिथं हद्द चालायची असे. याज्ञवल्क्यानं सांगितल्याप्रमाणं डोक्यावर माती घेऊन, शपथेला बांधला जाऊन, एकानं शिवेवरून चालत जायचं. तो जाईल ती शीव. नंतर ठरल्या मुदतीत त्याच्यावर वा त्याच्या घरादारावर संकट आलं, तर तो खोटं चालला असं धरत. हे काम कितीतरी गावांत महाराकडे असे. गावाची शीव त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसे. म्हणजे ज्या माणसाला देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नसत, त्याच्याच पायांनी देव शिवेची साक्ष देई, आणि ती साक्ष खोटी ठरली तर अरिष्टाची जोखीमही त्याच्याच लेकराबाळांवर. ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्याला पर्वतीच्या देवळात शिरण्यासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर दगड पडले. साक्ष चालत होती, साक्षीदार नको होता.

दिव्यानं खरं-खोटं खरोखर कळत होतं का? उकळतं तेल माणसाचा स्वभाव पाहत नाही. खऱ्यालाही ते भाजतं. मग इतकी शतकं हा प्रकार टिकला कसा? युरोपात मध्ययुगात असंच चाले, आणि तिथं आकडे सापडतात. हंगेरीच्या राज्यातल्या वराद या गावी, म्हणजे आजच्या रुमानियातल्या ओराडियात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची नोंदवही शिल्लक आहे. त्यातल्या २०८ जणांनी तापलेलं लोखंड हातात धरलं. त्यातले १३० निर्दोष ठरले. तापल्या लोखंडानं पाचांतले तीन हात सोडून द्यावेत, हे पदार्थविज्ञानाला धरून नाही. पीटर लीसन या अर्थशास्त्रज्ञानं यावर मजेदार तर्क लढवला आहे. देव खऱ्याला वाचवतो अशी ज्याची पक्की समजूत आहे, तो गुन्हेगार लोखंडाला हात लावायला पुढे येणारच नाही. आधीच कबूल होईल किंवा तडजोड करील. पुढे येतो तो बहुधा निर्दोषच. पाद्र्यालाही हे माहीत, म्हणून तो लोखंड जरा निवू देतो. थोडक्यात, सगळ्यांचा विश्वास असेल तोवरच ही यंत्रणा चालणार. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेनं पाद्र्यांना अशा विधींत भाग घ्यायला मनाई केली आणि युरोपातली दिव्यं हळूहळू बंद पडली.

लीसन यांचा तर्क मावळाला जसाच्या तसा लावता येईल असं मला वाटत नाही. आपल्याकडे हात तपासणारी सभा ही सोयऱ्याधायऱ्यांची, हितसंबंधांची. तिसऱ्या दिवशीचा लालसर डाग हा फोड की जुना वण, हे ठरवताना देवापेक्षा देशमुखाचं तोंड पाहिलं जात नसेल असं कोण म्हणेल? पण लीसन यांनी एक गोष्ट बरोबर पकडली. दिव्य देवाचं अस्तित्व सिद्ध करत नव्हतं. ते गृहीत धरून बाकीचं सिद्ध करत होतं. आणि या गृहीतकाला कधी धक्का लागत नसे. खऱ्याचा हात भाजला तर त्याच्या मागच्या जन्मीचं पाप निघे. देव चुकला, असं यजितखत कुणी लिहिल्याचं मला तरी भेटलेलं नाही.

हीच गोष्ट कौलाची. सह्याद्रीत आणि कोकणात आजही देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या, तांदूळ किंवा सुपारीची खांडं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. इथंही अट आधी ठरते, नकाराला जागा असते. फक्त डावा कौल आला की पुष्कळदा पुन्हा विचारतात.

संस्कृत पंडितांत मात्र देवाच्या अस्तित्वावर रीतसर वाद झाले होते, आणि तेही कडक. सांख्यांनी ईश्वर सिद्ध होत नाही असं सांगितलं, मीमांसकांना यज्ञ चालवायला त्याची गरज वाटली नाही, बौद्धांनी तर त्याच्यावर तुटून पडून लिहिलं. या सगळ्यांना उत्तर म्हणून उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजली लिहिली. घडा आहे तर कुंभार असतो, जग हे कार्य आहे तर त्याला कर्ता हवा, अशा तऱ्हेची अनुमानं त्यात आहेत. बुद्धीला व्यायाम म्हणून ती आजही वाचावीत. पण पौड खोऱ्यातल्या भाताच्या खाचरावर त्यांचा काही परिणाम झाला असेल, असं वाटत नाही. तिथं देवाचं काम वेगळं होतं.

१८१८ नंतर पेशवाई गेली आणि कंपनीच्या न्यायालयांनी तेलाची कढई बाहेर काढली. देवाला मात्र त्यांनी लगेच बाहेर काढलं नाही. १८७३ साली हिंदुस्थान सरकारनं शपथांचा कायदा केला. त्यात एक विलक्षण तरतूद होती. दिवाणी दाव्यातला पक्षकार म्हणू शकत असे, की माझा प्रतिपक्षी अमुक देवाची, अमुक पद्धतीनं शपथ घेऊन सांगेल ते मला मान्य. प्रतिपक्षी तयार झाला, तर न्यायालय ती शपथ घडवून आणी, देवळात जावं लागलं तरी. मग त्या शपथेवर जे सांगितलं जाई, ते आव्हान देणाऱ्याच्या विरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. निर्णायक, म्हणजे त्याच्यापुढे दुसरा पुरावा चालणार नाही. शपथ किळसवाणी नसावी आणि तिसऱ्या माणसाला बाधणारी नसावी, एवढ्याच अटी. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणं या दुसऱ्या अटीनं गेलं. बेलभंडारा उचलायला हरकत नव्हती. दिव्याचा हा शेवटचा वंशज. तेल गेलं, राजीनामा राहिला. स्वतंत्र भारतातही तो बावीस वर्षं जिवंत होता. १९६९ च्या नव्या शपथ कायद्यात देवाच्या शपथेचा हा निर्णायकपणा संपला. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष.

ज्या १८७३ साली हा कायदा आला, त्याच साली २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. फुल्यांना देव नको नव्हता. त्यांचा निर्मिक एक, सर्वांचा, आणि मध्यस्थावाचूनचा. देवाची साक्ष काढायला भट लागतो, तिथं ती साक्ष भटाचीच होते, हा त्यांचा मुद्दा दिव्याच्या कढईपाशी नेऊन ठेवला तरी बसतो. पंधरा वर्षांनी, १८८८ साली, आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. आगरकर अज्ञेयवादी. मिल आणि स्पेन्सर वाचलेला हा माणूस देवालाच तर्काच्या कसोटीवर घेई. दावा करणाऱ्यानं पुरावा द्यावा, हा नियम त्यांनी पुण्याच्या सनातन्यांना लावला. पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढून उत्तर दिलं. एका अर्थानं तोही पुरावाच, फक्त देवाचा नव्हे.

साक्षीदार असलेला देव जाऊन त्याच्या जागी कागद आला, याचा फटका कुणाला बसला, हे मुळशीतच दिसतं. टाटांच्या वीज कंपनीनं मुंबईच्या गिरण्यांसाठी नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. खाली पन्नासेक गावांची भातखाचरं होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती म्हणून ओळखले गेले ते याच लढ्यानं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला, आणि त्यातला सगळ्यात बोचरा भाग सत्याग्रहाचा नाही, मालकीचा आहे. कसणारा मावळा, पण जमीन कित्येक ठिकाणी पुण्याच्या सावकाराकडे गहाण किंवा त्याच्या नावावर. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात नुकसानभरपाई कागदाला मिळे. घामाला मिळत नसे. सावकारांना भरपाई हवी होती, मावळ्यांना जमीन. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. शंभर वर्षांपूर्वी असता, तर कागद नसलेला हा माणूस गोतसभेपुढे बेलभंडारा उचलायला तयार झाला असता. कचेरीत तसा रकाना नव्हता.

मी दिव्याचे गोडवे गात नाही. गोतसभेत तरी या मावळ्याच्या बाजूनं निकाल लागला असता, याची खात्री कोण देईल? पण रामनवमीचा मुहूर्त धरून उभ्या राहिलेल्या त्या लोकांनी काहीतरी पणाला लावलं होतं, आणि पाणी चढलंच. सत्याग्रह हरला. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. पाणी बोगद्यांतून घाटाखाली भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली. मुळशीच्या लोकांनी याचा हिशेब रामाच्या नावावर मांडला नाही. टाटांच्या, सरकारच्या, सावकारांच्या नावावर मांडला, आणि तो बरोबरच होता. फक्त पुराव्याच्या दृष्टीनं पाहा : यश आलं असतं तर ते रामाच्या नावावर नक्की जमा झालं असतं. हार कुणाच्याच खाती पडली नाही. ज्या खात्यात फक्त जमा होते आणि नावे काहीच पडत नाही, ते खातं कुठलाही हिशेबनीस तपासायला घेणार नाही. बापटांनी मात्र पुढच्या आयुष्यात अरविंदांचा ‘दिव्य जीवन’ हा ग्रंथ मराठीत आणला. मुळशीनं त्यांची श्रद्धा कमी केली नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. ज्यांना तो दिवस आठवतो, त्यांना रांगाही आठवतील. चमचा सोंडेला लावला की दूध हळूच कमी होई. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, की ते मूर्तीच्या पृष्ठभागावरून पातळ थरानं खाली ओघळतंय. पृष्ठताण आणि केशाकर्षण. त्या दिवसाचं मला एक जाणवतं. कुणीही आधी ठरवलं नव्हतं, की दूध प्यायला नाही तर आम्ही काय मानू. ज्या देवळात दूध कमी झालं नाही, तिथले लोक पुढच्या देवळात गेले. मावळातल्या गोतसभेनं असला पुरावा दारात उभा केला नसता. हात धुतले नाहीत, नखं काढली नाहीत, पिशवीला मोहर नाही.

दिव्याचा काटेकोरपणा विसाव्या शतकात भेटतो तो भलत्याच ठिकाणी : अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांकडे. श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचं आव्हान दिलं. कुणीही नियंत्रित परिस्थितीत चमत्कार करून दाखवावा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं आव्हान पुढे २१ लाखांपर्यंत गेलं. अटी पाहा. काय करून दाखवणार ते आधी लिहून द्यायचं. कुठं, किती वेळा, किती जणांसमोर, ते आधी ठरवायचं. फसवणुकीची वाट बंद करायची. निकाल दोन्ही पक्षांनी मान्य करायचा. हा राजीनामाच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ही तुलना कितपत रुचली असती कुणास ठाऊक, पण गोतसभेच्या पंचांना त्यांची पद्धत ओळखीची वाटली असती. रक्कम कुणी जिंकली नाही.

जिंकली असती तरी देव सिद्ध झाला असता का? हवेतून अंगारा काढणारा खरंच अंगारा काढतो असं ठरलं, तर हवेतून अंगारा काढता येतो एवढंच सिद्ध होईल. त्यावरून जगाचा कर्ता, धर्माचा राखणदार, नवसाला पावणारा हे सगळं निघत नाही. हॅन्सन यांच्या झ्यूसलाही हीच अडचण. आभाळातल्या मोठ्या माणसानं ‘मी आहे’ म्हटलं, तर तो आहे हे कळेल. तो चांगला आहे की नाही, हे त्याला दुसरं काहीतरी विचारून पाहावं लागेल. डॉ. श्रीराम लागूंना हा फरक नेमका दिसत होता. त्यांचं म्हणणं, की देवाची कल्पनाच आता निवृत्त करावी. दाभोलकर समितीच्या वतीनं वेगळी भूमिका घेत : देव मानण्याला आमचा विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. दोघांनी गावोगाव एकाच व्यासपीठावर बसून हा मतभेद लोकांसमोर मांडला. मला तर्कात लागू जास्त पटतात आणि कामात दाभोलकर. पोळलेला हात ज्याला दिसतो, त्याला देवाच्या व्याख्येपर्यंत थांबायला सवड नसते.

कारण कढई गेलेली नाही. २०२१ साली जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात एका नवऱ्यानं बायकोला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावलं. तिचं चारित्र्य त्याला तपासायचं होतं. त्याची चित्रफीत फिरली म्हणून गोष्ट बाहेर आली. मराठेशाहीच्या दिव्यात निदान दोन पक्ष असत, दोघांचे राजीनामे असत. इथं शंका एकाची, हात दुसरीचा. नवऱ्यानं त्या तेलापुढे काहीच ठेवलेलं नव्हतं.

दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला, सकाळी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडत होते. त्याचा अध्यादेश खुनानंतर चार दिवसांत निघाला. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. दरम्यान पुण्याच्या त्या न्यायालयात एकामागून एक साक्षीदार उभे राहिले. १९६९ च्या कायद्याच्या परिशिष्टात साक्षीदारासाठी एकाच वाक्याचे दोन पर्याय दिले आहेत : ईश्वराची शपथ घेऊन सांगतो, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. कुठला पर्याय का निवडला, हे न्यायाधीश विचारत नाहीत. खोटी साक्ष दिली, तर दोघांनाही सात वर्षांपर्यंत कैद.